शेवटची अकरा पानं

शनिवारी साडेबाराला शाळा सुटते,
म्हणजे मुलांची.
माझ्या पिशवीत नववी ‘ब’च्या बेचाळीस उत्तरपत्रिका,
बूथ क्रमांक एकशे सतराची मतदार यादी,
आणि हेतल राणानं निघताना हातात कोंबलेलं पुस्तक:
‘बेन, वाचजो ने. मोटाओने पण चाले.’

मी गणिताची बाई.
गोष्ट वाचून किती वर्षं झाली विचाराल
तर क्ष मानावी लागतील.

मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी, पांढरंफटक मिठागर,
लांब कुठंतरी टिकलीएवढी एस.टी.
वय पंधरा. आई नाही,
म्हणजे आहे, पण जामनगरला, दुसऱ्या घरी.
बापाशी ही बोलत नाही. वहीशी बोलते.
पहिल्या वीस पानांत मला तिचा राग आला.
चाळिसाव्या पानावर कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले.

रविवारी मांडवीमागच्या गल्ल्यांत जिने चढायचे.
‘जयाबेन सोलंकी आहेत का?’ ‘त्या वारल्या.’
‘तारीख?’ ‘उत्तरायणाच्या आधी कधीतरी.’
फॉर्म सात. सही. पाणी नको, चहा नको,
बरं, अर्धा.
तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकून
यादीच्या आड सात पानं वाचली. कुणाला सांगू नका.

घरी येऊन पुस्तक पलंगावर टाकलं, पाय धुवायला गेले.
तेवढा वेळ गाठियाला पुरला.

गाठिया म्हणजे आमचा कुत्रा,
दांडिया बाजारात फरसाणाच्या दुकानाबाहेर सापडला, म्हणून नाव.
आजवरचा हिशेब: एक चष्मा, नवऱ्याचे डावे बूट तीन
(उजवे खात नाही, कारण कळलेलं नाही),
आणि शेजारच्या इनामदारांचं कासव
तोंडात धरून दोन जिने वर आणलेलं.
कासव ठणठणीत. इनामदार अजून बोलत नाहीत.
उत्तरपत्रिकांना त्यानं नाकसुद्धा लावलं नाही.
पुस्तकाची मात्र शेवटची अकरा पानं.

पान दोनशे तीन: रात्री अकराला मुलगी स्टँडवर,
खांद्याला दप्तर, लांबून दिव्यांची जोडी येते,
आणि पुढे
दातांचे व्रण.

रविवारी उघडा दवाखाना एकच, कारेलीबागेत.
स्कूटरवर नवरा, मध्ये गाठिया, मागे मी.
विश्वामित्रीच्या पुलावर तो न दिसलेल्या मगरींवर भुंकला.
डॉक्टर मकवाणांनी पोट चाचपलं:
‘कागदच ना? निघून जाईल.’
सोमवारी पहाटे शेवट बाहेर आला.
वाचण्याजोगा नव्हता.

हेतलला सांगायची वाक्यं मी रस्ताभर जुळवली,
जशी मुलं न केलेल्या गृहपाठाची जुळवतात.
ती हसली. सगळे दात दिसले.
जूनपासून मी ते पाहिले नव्हते.
मग मोठ्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीशी,
शेवट सांगू लागली.

एस.टी. येते, पण बंद पडते.
ड्रायव्हर इंजिनासाठी पाणी मागतो, मुलगी बाटली देते,
कळतं, त्यालाही एक मुलगी आहे, बोलत नाही.
मग आईचा फोन, उचलत नाही कुणी.
मग अंधारात बापाची सायकल, दिवा नाही,
घंटी तेवढी.
मग मिठावर दोन माणसांची पावलं,
उजाडेपर्यंत कडक झालेली.
शाळेची घंटा झाली तरी ती सांगतच होती,
वर्गात मान वर न करणारी,
ऐंशीपैकी चौदा गुणांची हेतल.

सवय जात नाही. मी मनात मांडणी केली:
अकरा पानं, पानाला दोनशे शब्द,
ही बोलली सुट्टीची तीस मिनिटं, वर माझ्या तासाची दहा.
बसत नाही.
निम्म्याहून जास्त उरतं.

नवी प्रत मागवली, शुक्रवारी आली.
खाकी कव्हर घातलं, तिचं नाव घातलं.
दोनशे तीनच्या पुढे उघडून बघायला
कितीसा वेळ लागतो.
गाठिया पायाशी बसून माझ्याकडे पाहत होता.
पुस्तक पिशवीत टाकलं, चेन लावली.

शनिवारी साडेबाराला तिला देताना विचारलं,
त्या ड्रायव्हरच्या मुलीचं पुढं काय झालं?

‘बेन,’ ती म्हणाली, ‘ए तो सोमवारे.’